जर्मनीतले डावे ओळखायचे कसे? नव्याने आलेल्यांसाठी पायरीपायरीने

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलात आणि राजकारणाची थोडीफार ओढ असेल, तर पहिल्याच वर्षी गोंधळ उडतो. लाल झेंडे दिसले म्हणून एखाद्या मोर्चाजवळ जावं, तर एका बाजूला पॅलेस्टाईनचा झेंडा आणि रस्त्यापलीकडे इस्रायलचा. मधे पोलिसांची रांग. दोन्हीकडची मंडळी स्वतःला डावी म्हणवतात आणि समोरच्याला डावा मानायला तयार नसतात. वसतिगृहातल्या स्वयंपाकघरात एकाला विचारलं तर तो म्हणतो, खरे डावे आम्हीच. दुसरा म्हणतो, त्यांनी १९१४ मध्येच गद्दारी केली. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट तो कालच घडल्यासारखी सांगत असतो.

या गुंत्यात शिरताना पक्षांची नावं पाठ करण्यापेक्षा प्रत्येक गटाला मनातल्या मनात दोन प्रश्न विचारावेत, असं माझं मत आहे. युद्धाची वेळ आली तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात? आणि सरकारात बसायची संधी आली तेव्हा काय केलंत? जर्मन डाव्यांमधली जवळजवळ प्रत्येक मोठी फूट या दोनपैकी एका प्रश्नावर पडलेली आहे. मार्क्सचा अर्थ कसा लावायचा यावरचे वाद असतातच, पण घर मोडतं ते संसदेतल्या एखाद्या मतदानावरून.

पहिली पायरी: आजचे चार पक्ष

फेब्रुवारी २०२५ च्या बुंडेस्टागच्या, म्हणजे संसदेच्या, निवडणुकीचे आकडे डोक्यात ठेवा. एसपीडी, म्हणजे सोशल डेमोक्रॅट, १६.४ टक्के. ग्रीन पक्ष ११.६ टक्के. दी लिंके, ज्याचा शब्दशः अर्थच ‘डावे’, ८.८ टक्के आणि ६४ जागा. आणि साहरा वागेनक्नेख्त यांनी काढलेला बीएसडब्ल्यू ४.९८ टक्के, म्हणजे शून्य जागा.

शेवटचा आकडा नीट पाहा. इथे संसदेत जायला ५ टक्के मतं लागतात. बीएसडब्ल्यूला साधारण ९,५०० मतं कमी पडली. इतकी माणसं एका मध्यम आकाराच्या गावात राहतात. पाच टक्क्यांच्या अटीला एक पळवाट आहे: तीन मतदारसंघ थेट जिंकले तर टक्के कमी असूनही पक्ष आत जातो. लिंके २०२१ मध्ये ४.९ टक्क्यांवर घसरला होता. बर्लिनमधल्या दोन आणि लाइपझिगमधल्या एका जागेने तो वाचला. म्हणून इथे फुटून बाहेर पडणाऱ्याला पक्षाबरोबर संसदही गमवावी लागू शकते, आणि हे माहीत असूनही माणसं फुटतात. त्यामागे नुसती पदाची हाव असती तर इतका धोका कुणी पत्करला नसता.

चारांपैकी ग्रीन स्वतःला डावे म्हणवतात का, हा वेगळाच वाद आहे. बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्गमध्ये एक उत्तर मिळेल आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्गच्या एखाद्या सधन गावात दुसरं. सध्या त्यांना यादीत राहू द्या.

दुसरी पायरी: १९१४ ते १९३३ नीट समजून घ्या

इथे घाई करू नका. हे समजलं की पुढचं आपोआप लागतं.

एसपीडी हा पक्ष स्वतःचा जन्म १८६३ चा मानतो. पहिल्या महायुद्धाआधी तो जगातला सर्वांत मोठा कामगार पक्ष होता. १९०७ मध्ये त्याच्याच यजमानपदाखाली श्टुटगार्टला आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली. मुंबईच्या मादाम भिकाजी कामांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकवला ती हीच परिषद. याच परिषदेने युद्धाविरुद्ध ठराव केला. पक्षातल्या क्रांतिकारी नेत्या रोझा लुक्सेम्बुर्ग यांचा त्यात मोठा वाटा होता. युद्ध टाळण्यासाठी कामगार वर्ग आपली सगळी ताकद लावेल, असा त्याचा आशय.

सात वर्षांनी, ४ ऑगस्ट १९१४ रोजी, एसपीडीच्या खासदारांनी कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, युद्धकर्जाच्या बाजूने मतदान केलं. पक्षाच्या बैठकीत १४ जणांनी विरोध केला होता, पण सभागृहात पक्षशिस्त म्हणून त्यांनीही हात वर केले. डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा कर्ज मागितलं गेलं तेव्हा एकटे कार्ल लीबक्नेख्त विरोधात गेले. तुमच्या वसतिगृहातला तो मुलगा ज्या गद्दारीबद्दल बोलतो, ती ही.

१९१७ मध्ये युद्धविरोधकांनी वेगळा पक्ष काढला. १९१८ संपता संपता कम्युनिस्ट पक्ष, केपीडी, जन्माला आला. १५ जानेवारी १९१९ रोजी लुक्सेम्बुर्ग आणि लीबक्नेख्त यांना बर्लिनमध्ये पकडून सैनिकी तुकडीने ठार मारलं. रोझाचं प्रेत लांडवेअर कालव्यात फेकलं. तेव्हा सरकार होतं एसपीडीच्या फ्रीडरिश एबर्टचं, आणि सैन्याची सूत्रं होती त्याच पक्षाच्या गुस्ताव नोस्केच्या हाती.

आज एसपीडीशी जवळीक असलेल्या प्रतिष्ठानाचं नाव आहे फ्रीडरिश एबर्ट प्रतिष्ठान. लिंकेच्या जवळच्या प्रतिष्ठानाचं, रोझा लुक्सेम्बुर्ग प्रतिष्ठान. दोन्ही शिष्यवृत्त्या देतात, दोन्हींकडे परदेशी विद्यार्थी अर्ज करतात. अर्ज भरताना ही दोन नावं शेजारी ठेवून पाहा. निम्मा इतिहास तिथेच आहे.

पुढचा भाग सांगतानाही जीव तुटतो. १९२० च्या दशकाच्या शेवटी मॉस्कोच्या धोरणानुसार केपीडीने एसपीडीला ‘सामाजिक फॅसिस्ट’ ठरवलं. पनवेलचे डॉ. गंगाधर अधिकारी त्याच दशकात रसायनशास्त्र शिकायला बर्लिनला आले, जर्मन कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि १९२८ च्या अखेरीस परतल्यावर लगेच कम्युनिस्टांवरच्या मीरत खटल्यात अडकले. त्यांच्या डोळ्यांसमोर इथली घरं दुभंगत होती. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींना १९६ जागा मिळाल्या, एसपीडीला १२१, केपीडीला १००. बेरीज करा. दोघं मिळून नाझींहून मोठे होते, पण ते एकत्र आले नाहीत. मार्च १९३३ मध्ये हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा आला तेव्हा केपीडीच्या खासदारांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं. कितीतरी जण तुरुंगात होते. हजर असलेल्या ९४ सोशल डेमोक्रॅटांनी, फक्त त्यांनीच, विरोधात मत दिलं.

म्हणून एसपीडीवाल्यासमोर १९१४ काढलंत तर तो १९३३ काढेल. दोघंही खरं बोलत असतात.

तिसरी पायरी: भिंतीच्या दोन बाजू

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी दुभंगली. पूर्वेला एप्रिल १९४६ मध्ये सोव्हिएत दबावाखाली एसपीडी आणि केपीडी यांचं विलीनीकरण होऊन एसइडी झाला, पूर्व जर्मनीचा सत्ताधारी पक्ष. विरोध करणारे सोशल डेमोक्रॅट तुरुंगात गेले. म्हणून ‘डाव्यांची एकजूट’ हा शब्द वयस्कर सोशल डेमोक्रॅटांच्या कानाला गोड लागत नाही. पश्चिमेला १९५६ मध्ये केपीडीवर बंदी आली आणि १९५९ मध्ये बाड गोडेसबेर्गच्या अधिवेशनात एसपीडीने मार्क्सवादी कार्यक्रम अधिकृतपणे सोडला.

१९६८ नंतरच्या विद्यार्थी चळवळीतून माओवादी गट निघाले. त्यांना एकत्रितपणे ‘के-गट’ म्हणतात. त्यांची आद्याक्षरं पाठ करू नका, वेळ वाया जाईल. इतकंच ध्यानात ठेवा की तिथली बरीच मंडळी पुढे ग्रीन पक्षात गेली. २०११ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बेर्गचे ग्रीन मुख्यमंत्री झालेले विनफ्रीड क्रेचमान विद्यार्थीदशेत अशाच एका गटात होते.

१९८० मध्ये स्थापन झालेल्या ग्रीन पक्षात लगेच दोन तट पडले: ‘रेआलो’, म्हणजे सत्तेत जाऊन जमेल तेवढं पदरात पाडून घेऊ म्हणणारे, आणि ‘फुंडी’, म्हणजे मूळ तत्त्वाला चिकटलेले. रेआलो जिंकले. मग १९९९ मध्ये कोसोवो युद्धात जर्मन विमानं उतरली तेव्हा परराष्ट्रमंत्री ग्रीनांचेच योश्का फिशर होते. १३ मे रोजी बीलेफेल्डच्या अधिवेशनात लाल रंगाने भरलेली पिशवी त्यांच्या कानावर येऊन फुटली आणि कानाचा पडदा फाटला. डाग पडलेल्या कोटातच त्यांनी भाषण केलं आणि मतदान जिंकलं. माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं त्या एका दिवसात एकत्र मिळतात.

चौथी पायरी: ३४५ युरोंची फूट

आजची फूट समजायला १४ मार्च २००३ ही तारीख लागते. एसपीडीचे चान्सलर गेरहार्ड श्रोडर यांनी त्या दिवशी ‘अजेंडा २०१०’ मांडला. त्यातला सर्वांत वादग्रस्त भाग ‘हार्ट्झ चार’ या नावाने ओळखला जातो आणि तो १ जानेवारी २००५ पासून लागू झाला. वीसेक वर्षं कारखान्यात राबलेला माणूस बेकार झाला तर ठराविक मुदतीनंतर त्याचा भत्ता थेट किमान मदतीवर येई. पश्चिमेत महिना ३४५ युरो, पूर्वेत ३३१, घरभाडं वेगळं. त्याआधी शिल्लक किती, घर केवढं, घरात कोण कमावतं, याची तपासणी. ज्या पक्षाला वडील आणि आजोबांनी मतं दिली त्याने हे केलं, ही जखम पश्चिमेतल्या औद्योगिक रूर खोऱ्यातल्या घराघरांत आजही ओली आहे. ‘हार्ट्झ’ हा शब्द कुणाला चिडवायला वापरू नका. इथे तो अपमान समजला जातो.

ऑस्कर लाफोंतेन हे एसपीडीचे अध्यक्ष आणि अर्थमंत्री. त्यांनी मार्च १९९९ मध्येच दोन्ही पदं सोडली होती. अजेंड्यानंतर पश्चिमेतल्या नाराज कामगार संघटनावाल्यांनी वेगळी चूल मांडली आणि लाफोंतेन तिकडे गेले. पूर्वेत जुन्या एसइडीचा वारस असलेला पीडीएस हा पक्ष ग्रेगोर गीझी यांच्याभोवती टिकून होता. १६ जून २००७ रोजी दोघं एकत्र येऊन दी लिंके झाला. २००९ मध्ये त्याने ११.९ टक्क्यांपर्यंत मजल मारली.

पण हे दोन वेगळ्या घरांतले लोक होते. पश्चिमवाले संघर्षातून आलेले, एसपीडीवर चिडलेले. पूर्ववाले नगरपालिका चालवणारे, तडजोडीला सरावलेले. बर्लिनचं उदाहरण घ्या. एसपीडी आणि पीडीएस यांच्या सरकारने २००४ मध्ये तिजोरी रिकामी म्हणून जीएसडब्ल्यू ही सरकारी गृहनिर्माण कंपनी विकली, ६५ हजारांच्या आसपास घरांसकट. ती पुढे ‘डॉयचे वोनेन’ या बड्या घरमालक कंपनीकडे गेली. २०२१ मध्ये त्याच बर्लिनमध्ये अशा कंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीची करा, या मागणीने सार्वमत जिंकलं आणि लिंके त्या मागणीच्या बाजूने उभा होता. भाडेकरूंचा पक्ष म्हणून मत मागायला येणाऱ्याला हा इतिहास विचारायला हरकत नाही. प्रामाणिक कार्यकर्ते ती चूक होती असं सरळ सांगतात, मी ऐकलं आहे.

पाचवी पायरी: वागेनक्नेख्त का बाहेर पडल्या

साहरा वागेनक्नेख्त १९९० च्या दशकात पीडीएसच्या ‘कम्युनिस्ट व्यासपीठ’ या गटात होत्या, म्हणजे पक्षाच्या अगदी डाव्या टोकाला. पुढे त्यांचं म्हणणं असं झालं की शहरी, शिकलेल्या डाव्यांनी कामगाराला वाऱ्यावर सोडलं आहे. निर्वासितांच्या प्रश्नावर त्या कडक बोलू लागल्या. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर त्यांनी शस्त्रपुरवठ्याला आणि रशियावरच्या आर्थिक निर्बंधांनाही विरोध केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापाशी त्यांनी घेतलेल्या शांतता सभेवरून पक्षात रण पेटलं. उजव्यांना तुम्ही दार उघडं ठेवलंत, असा आरोप झाला. या आरोपासाठी इथे ‘क्वेअरफ्रंट’ हा शब्द आहे: डाव्या-उजव्यांची आडवी आघाडी. तो ऐकू आला की वाद तापला आहे असं समजा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या नऊ खासदारांसह बाहेर पडल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये स्वतःच्या नावाचा पक्ष काढला. उरलेल्या लिंकेचा संसदेतला गट मोडला. बीएसडब्ल्यू वाऱ्यासारखा वाढला: त्याच सप्टेंबरमध्ये राज्यांच्या निवडणुकांत थुरिंगियात १५.८ टक्के, ब्रांडेनबुर्गमध्ये १३.५. आणि पाच महिन्यांनी त्या ९,५०० मतांनी बाहेर. थुरिंगिया आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सरकारात बसावं की नाही, यावरून वर्षाच्या आत त्याही पक्षात भांडण लागलं.

लिंके मात्र मरता मरता उठला. कार्यकर्त्यांनी घरोघरी दारं वाजवली. भाडं कायद्यापेक्षा जास्त आकारलं जातंय का हे तपासून देणारं ॲप काढलं. जानेवारी २०२५ मध्ये ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांनी अतिउजव्या एएफडीच्या मतांवर ठराव मंजूर करून घेतला तेव्हा लिंकेच्या खासदार हायडी राइखिनेक यांचं संतापलेलं भाषण लाखो तरुणांच्या मोबाइलवर फिरलं. सभासदसंख्या एक लाखावर गेली. मला इथेच पुढची भेग दिसते. आजच्या लिंकेत निम्म्याहून जास्त सभासद नवे आहेत. त्यांना पीडीएस आठवत नाही आणि रूरचे कारखानेही आठवत नाहीत. मार्च २०२५ मध्ये लष्करी खर्चाला कर्जमर्यादेतून सूट देणारी घटनादुरुस्ती राज्यांच्या सभागृहात आली. तेव्हा ब्रेमेन आणि मेक्लेनबुर्ग-फोरपोमेर्न इथल्या सरकारांत लिंके होता आणि ती दोन्ही सरकारं बाजूने गेली. पक्षाची केंद्रीय भूमिका उलट होती. नव्या सभासदांना धक्का बसला. पुन्हा युद्ध, पुन्हा सरकार.

एसपीडीच्या आतले गट त्या मानाने सभ्य आहेत: उजवीकडे ‘झेहाइमर मंडळ’, डावीकडे ‘संसदीय डावे’, आणि पस्तिशीच्या आतल्यांचे ‘यूझो’, जे ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांबरोबरच्या आघाडीला सहसा नाही म्हणतात. २०१८ मध्ये त्यांनी मेर्केलबरोबरच्या आघाडीविरुद्ध मोहीम काढली. सभासदांच्या मतदानात ६६ टक्के बाजूने गेले आणि ते हरले.

सहावी पायरी: रस्त्यावरचे डावे

आता सुरुवातीच्या त्या दोन झेंड्यांकडे येऊ. जर्मनीबाहेर कुठेच सहसा न आढळणारा एक डावा प्रवाह इथे आहे: ‘अँटीडॉयच’, म्हणजे जर्मनविरोधी. १९९० मध्ये दोन जर्मनी एक होत असताना काही डाव्यांना भीती वाटली की मोठी झालेली जर्मनी पुन्हा जुन्या वाटेला जाईल. ‘पुन्हा कधीच जर्मनी नको’ अशी घोषणा घेऊन फ्रांकफुर्टला मोर्चा निघाला. १९९१ च्या आखाती युद्धात इराकची क्षेपणास्त्रं इस्रायलवर पडू लागली आणि इराकच्या विषारी वायूच्या कारखान्यांना जर्मन कंपन्यांनी मदत केल्याचं उघड झालेलं होतं. तेव्हा यातल्या काहींनी इस्रायलची बाजू बिनशर्त घेतली. ज्यूंच्या कत्तलीनंतर जर्मन डाव्याला दुसरी जागाच नाही, हा त्यांचा युक्तिवाद. समोर साम्राज्यवादविरोधी, थोडक्यात ‘अँटीइंप’, ज्यांच्यासाठी पॅलेस्टाईन हा वसाहतवादाचा प्रश्न आहे. लाइपझिगच्या कॉनेविट्झमध्ये पहिल्यांचा प्रभाव जुना आहे, बर्लिनच्या नॉयक्योल्नमध्ये दुसऱ्यांचा. विजेच्या खांबांवरचे स्टिकर वाचत चाला, मोहल्ला कुणाचा ते कळतं.

ऑक्टोबर २०२३ नंतर हा वाद पक्षात शिरला. २०२४ मध्ये क्लाउस लेडरर यांच्यासह बर्लिनच्या काही जुन्या नेत्यांनी ज्यूद्वेषावरच्या ठरावावरून लिंके सोडला. गाझात मरणाऱ्या मुलांबद्दल न बोलणारा डावा आणि सिनेगॉगवर भिरकावलेल्या बाटलीबद्दल न बोलणारा डावा, मला दोघंही अपुरे वाटतात. पण नव्याने आला असाल तर आधी ऐका. हे भांडण इथल्या लोकांच्या घरातल्या फोटोंपर्यंत पोचतं.

वर्तमानपत्रांवरूनही माणूस ओळखता येतो. हातात ‘युंगे वेल्ट’ असेल तर साम्राज्यवादविरोधी. ‘जंगल वर्ल्ड’ असेल तर समोरचा तट. हे साप्ताहिक १९९७ मध्ये ‘युंगे वेल्ट’च्याच संपादकांतल्या फुटीतून निघालं. ‘टाझ’ ग्रीनांच्या जवळचं, ‘एनडी’ लिंकेच्या.

सातवी पायरी: आत जायचं असेल तर

बुंडेस्टागला मत द्यायला जर्मन नागरिकत्व लागतं, पण पक्षाचं सभासद व्हायला लागत नाही. एसपीडी, ग्रीन आणि लिंके तिघंही परदेशी पासपोर्टवाल्यांना घेतात, आणि पक्षांतर्गत मतदानात तुमचं मत इतरांइतकंच धरलं जातं. एसपीडीच्या २०१८ च्या त्या मतदानातही परदेशी सभासदांनी मत दिलं होतं. वस्तीतल्या शाखेच्या बैठकीला नुसतं पाहुणे म्हणून बसता येतं. एसपीडी आणि लिंकेत एकमेकांना ‘गेनोसे’, ‘गेनोसिन’ म्हणतात, म्हणजे आपलं कॉम्रेड, आणि पहिल्या मिनिटापासून ‘डू’, अरे-तुरे. आपल्याला साठीच्या बाईंना ‘तू’ म्हणताना जीभ अडखळते. अडखळू द्या, चालतं.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. पुढे नागरिकत्वासाठी अर्ज केलात की संविधान-रक्षण खात्याकडे, म्हणजे देशांतर्गत गुप्तचर खात्याकडे, तुमच्याबद्दल विचारणा होते. डीकेपी, एमएलपीडी हे छोटे कम्युनिस्ट पक्ष आणि लिंकेच्या आतले काही गट त्या खात्याच्या अहवालांत नोंदलेले असतात. म्हणून कुठल्याही यादीवर सही करण्याआधी खाली संघटनेचं नाव काय आहे ते वाचा आणि न समजल्यास विचारा. घाबरायचं कारण नाही, पण माहिती हवी.

आठवी पायरी: जानेवारीतला रविवार

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी बर्लिनमध्ये असाल तर सकाळी यू-५ या मेट्रोने लिश्टेनबेर्गला उतरा आणि फ्रीडरिक्सफेल्डेच्या दफनभूमीकडे चाला. रोझा आणि कार्ल यांच्या आठवणीसाठी दरवर्षी हजारो लोक येतात. फाटकापाशी लाल कार्नेशन विकायला असतात. आत गोलाकार भिंत आणि मधे उंच शिळा, ‘मृत आम्हाला बजावतात’ असं कोरलेली. लिंकेची नेतेमंडळी शांतपणे फुलं ठेवून जातात. नंतर मोर्चा येतो: ढोल, लेनिनचे, क्वचित स्टालिनचेही फलक, तुर्की आणि कुर्दी गट, ‘युंगे वेल्ट’ विकणारी मुलं.

शिळेकडे जाताना थोडं बाजूला एक छोटा दगड आहे, जमिनीलगत, सहज नजरेतून सुटणारा. २००६ मध्ये बसवलेला. त्यावर लिहिलं आहे: ‘स्टालिनवादाच्या बळींना’. या दगडावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली. काही जण तिथे मुद्दाम थांबून फूल ठेवतात, काही मान वळवून पुढे जातात. दहा मिनिटं तिथे उभे राहा आणि कोण थांबतं ते पाहा. हातमोजे घेऊन जा, आणि फुलं दोन घ्या.